गाझातले बावीस लघुपट आणि अर्ध्यावर थांबलेली गाढवगाडी

रानजाई

लिहीन लिहीन म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. परवा 'फ्रॉम ग्राउंड झीरो' दुसऱ्यांदा बघितला आणि आता लिहिलं नाही तर लिहिणारच नाही, असं वाटलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाझात युद्ध चालू असताना तिथेच अडकलेल्या लोकांनी बनवलेल्या २२ लघुपटांचा हा संच आहे. एकेक लघुपट तीन ते सहा मिनिटांचा, सगळे मिळून पावणेदोन तासांच्या जरासं वर. कल्पना पॅलेस्टिनी दिग्दर्शक रशीद मशरावी यांची. हे स्वतः गाझातल्या शाती निर्वासित छावणीत १९६२ साली जन्मलेले. त्यांचा 'कर्फ्यू' (१९९३) काही जणांनी पाहिला असेल. संचारबंदीत एका घरात कोंडलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे. २०२३ च्या अखेरीस त्यांनी बाहेरून सूत्रं हलवली आणि आतल्या लोकांना सांगितलं, तुमच्याकडे जे असेल त्यावर शूट करा. कोणी व्यवसायाने दिग्दर्शक, कोणी चित्रकार, कोणी नाटकवाला, कोणी पहिल्यांदाच कॅमेरा हातात घेतलेला.

मी मोठ्या अपेक्षेने बसले नव्हते, खरं सांगते. 'विषय मोठा, सिनेमा छोटा' असं होईल ही भीती होती. पहिला लघुपट रीमा महमूद यांचा, 'सेल्फीज'. एक मुलगी चिठ्ठी लिहिते, बाटलीत घालते आणि समुद्रात सोडते. म्हटलं, झालं सुरू. बाटलीतली चिठ्ठी! शाळेच्या गॅदरिंगमध्येही आता कोणी ही कल्पना वापरत नाही.

मग चारपाच लघुपटांनंतर लक्षात आलं की तिथून खरंच दुसरी काही वाट नाही. पश्चिमेला समुद्र, बाकी बाजूंना कुंपण. आपल्याला जी घिसीपिटी उपमा वाटते ती तिथल्या भूगोलाची साधी नोंद आहे. तिथून पुढे मी जरा सावरून बसले.

'रीसायकलिंग' मध्ये एका बाईकडे बादलीभर पाणी आहे, आणि तेच पाणी एका कामातून दुसऱ्या कामाकडे जात राहतं. बस्स, एवढाच लघुपट. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि अंघोळीचं फरशीला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फरक एवढाच की आमच्या टँकरवर कोणी बॉम्ब टाकत नव्हतं.

पण ज्याच्यासाठी हा धागा काढलाय तो लघुपट म्हणजे 'टॅक्सी वनीसा'. दिग्दर्शिका एतिमाद वशाह. वनीसा हे गाढवाचं नाव. पेट्रोल नाही म्हणून गाढवगाडी हीच टॅक्सी. गाडीवान सवाऱ्या घेतो, सोडतो. गोष्टीत पुढे तो हल्ल्यात मारला जातो आणि गाढव एकटंच घराकडे परततं. हे सगळं बेताने, नीट चित्रित केलेलं आहे. आणि मध्येच लघुपट तुटतो. दिग्दर्शिका स्वतः कॅमेऱ्यासमोर येते आणि सांगते की चित्रीकरण चालू असताना तिचा भाऊ आणि त्याची मुलं मारली गेली, आता पुढचं तिला जमत नाही.

तिने सांगितलं, तेवढंच. मग पुढचा लघुपट सुरू होतो.

मला विचारायचंय ते हे: याला 'अपूर्ण' म्हणायचं का? आणि एकूणच अशा सिनेमाला चांगलं-वाईट म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? मला स्वतःला २२ पैकी पाचसहा बेताचेच वाटले. हे इथे टाइप करतानाही हात अडखळतोय.

कडीपत्ता

वाचनखूण साठवली. रानजाई, 'सॉफ्ट स्किन' बद्दल लिहिलं नाहीस? मला तर तोच सगळ्यात जास्त झोंबला. मुलांची कार्यशाळा आहे, मुलं कागद कापून कापून ॲनिमेशन करतायत. हसतायत, कात्रीवरून भांडतायत. आणि ते ज्या गोष्टीचं ॲनिमेशन करतायत ती अशी की आया त्यांच्या हातापायांवर पेनाने नावं लिहितात. का, तर ढिगाऱ्यातून तुकडे निघाले तर कुणाचे ते कळावं.

माझ्या मुलीच्या बालवाडीच्या सहलीला आम्ही तिच्या मनगटावर फोन नंबर लिहिला होता. हरवली तर सापडावी म्हणून. त्या रात्री मी हा लघुपट बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाकीचे सोळा नंतर कधीतरी बघितले.

पानसुपारी

कुठे बघायला मिळेल? लिंक द्या.

बूमवाला

मी लोकेशन साउंडचं, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज टिपायचं काम करतो, म्हणून माझं सगळं लक्ष आवाजाकडे. आमच्याकडे विमान गेलं की टेक थांबतो. शूटिंगमध्ये कोणीतरी नुसतं 'विमान!' म्हणून ओरडतं, सगळे हात बांधून आभाळाकडे बघत उभे राहतात, निर्माता घड्याळाकडे बघतो. आणि सीन संपला की आम्ही सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट रूम टोन घेतो, म्हणजे त्या जागेची शांतता. संकलनात दोन वाक्यं जोडताना मधली फट त्या शांततेने बुजवायची असते.

गाझात तशी शांतता उरलेलीच नाही. डोक्यावर ड्रोन सतत. तिथले लोक त्याला 'झनाना' म्हणतात, भुणभुण करणारं या अर्थाने. शब्दातच आवाज आहे, आपल्या 'भुणभुण' सारखा. आता तांत्रिक गंमत बघा (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही): ड्रोन जवळ येतो, लांब जातो, त्याचा सूर बदलत राहतो. दोन शॉट जोडले की कट कानाला कळतो. बाहेर बसून हे जोडणाऱ्यांनी ती भुणभुण पुसायचा प्रयत्न केला नाही, हे मला फार बरोबर वाटलं. पुसली असती तर खोटं झालं असतं, आणि खरं तर पुसता आलीही नसती.

'फ्लॅशबॅक' मधली मुलगी कानांवर हेडफोन चढवून बसते. ड्रोनचा आवाज येऊ नये म्हणून. माझ्या धंद्यात हेडफोन लावतात ते जास्त ऐकू यावं म्हणून.

तिसरी_घंटा

रानजाई यांनी प्रश्न विचारलाय म्हणून स्पष्ट लिहितो, नाहीतर गप्प बसलो असतो.

हो, चांगलं-वाईट म्हणायचा हक्क आहे. नुसता हक्क नाही, ती किमान सभ्यता आहे. कोणी हातातला भाकरीचा शोध बाजूला ठेवून लघुपट केला, तर तो लघुपट म्हणून बघा. 'बिचारे, किती हाल!' एवढंच म्हणायचं असेल तर त्याला बातम्या पुरेत. बातम्यांत आकडा म्हणून दिसायचा कंटाळा आला म्हणूनच तर हे लोक कॅमेऱ्यामागे गेले.

तर माझं मत: काही लघुपटांत पार्श्वसंगीत उगाच ओतलंय. चित्रात जे आहेच ते पुन्हा कानात सांगायची गरज नव्हती. दोनतीन लघुपट म्हणजे निवेदन वाचून दाखवणं आहे, कॅमेरा काढून घेतला तरी काही बिघडणार नाही. '२४ अवर्स' मधली हकिगत भयंकर आहे, एका दिवसात तीनदा ढिगाऱ्याखाली गाडला जाऊन तीनदा वाचलेला माणूस. पण ती हकिगत भयंकर आहे, लघुपट नाही. हा फरक करता आला पाहिजे.

उलट 'हेल्स हेवन' बघा. दिग्दर्शक करीम सतूम. माणूस झोपेतून उठतो तो प्रेत ठेवायच्या पिशवीत. आपल्या पोटात गोळा. मग कळतं, थंडीत पांघरूण नाही म्हणून त्याने स्वतःच ती पिशवी आणली होती. मेल्यावर मिळेलच याची खात्री नाही, तर जिवंतपणीच वापरून घेऊ, असा त्याचा हिशोब. हा विनोद आहे! काळाकुट्ट, पण रचलेला विनोद. आधी परिणाम, मग कारण. पाच मिनिटांत एवढी पकड असलेलं एकांकिका-स्पर्धेत मी वर्षानुवर्षं परीक्षक म्हणून बघितलेलं नाही. (आमच्याकडे बलात्कार, शेतकरी आत्महत्या आणि शेवटी स्पॉटलाइट. असो, तो वेगळा धागा.)

कडीपत्ता

@तिसरी_घंटा, पटतंय आणि नाहीही. तुम्ही गुण देताय. तिथे काही लोकांकडे दुसरा टेक घ्यायला बॅटरी नव्हती. 'द टीचर' मध्ये तो शिक्षक दिवसभर फिरतो कशासाठी? फोन चार्ज करायला, पाण्यासाठी, पावासाठी. प्रत्येक रांगेत त्याचा नंबर यायच्या आत संपलेलं. ज्याचा फोन चार्ज होत नाही त्याच्या फोनवर काढलेल्या सिनेमाचं संगीत जास्त झालं म्हणायचं?

तिसरी_घंटा

संगीत बाहेर घातलंय, जिथे वीज होती. म्हणूनच म्हणतो.

कडीपत्ता

बरं. हा मुद्दा मान्य.

जुनी_पाटी

अवांतर वाटेल पण नाही. लढाईत अडकलेल्यांनी छोटे सिनेमे करायची ही पहिली वेळ नाही, आणि 'छोटे' यालाही कारण असतं.

बोस्नियातल्या साराजेव्हो शहराचा वेढा १४२५ दिवस चालला, एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६. तिथे सागा नावाचा एक गट होता, आदेमिर केनोविच वगैरे मंडळींचा. १९९३-९४ च्या हिवाळ्यात ते एकाच रस्त्यावरच्या लोकांचं रोजचं जगणं टिपत आणि त्याचे रोज दोन मिनिटांचे तुकडे बीबीसीवर दाखवले जात. दोन मिनिटंच. आज चुलीत काय जाळलं, पाणी कुठून आणलं, कोण दिसलं नाही. आणि शहराला वेढा असतानाच १९९५ च्या ऑक्टोबरात साराजेव्हो चित्रपट महोत्सव सुरू झाला. १५ देशांतले ३७ चित्रपट, १५ हजार प्रेक्षक. रस्त्यावर नेमबाजांची भीती, तरी लोक सिनेमाला गेले. तो महोत्सव अजून चालू आहे.

सीरियात अबूनद्दारा नावाचा गट. अर्थ 'चष्मेवाला'. २०११ पासून दर शुक्रवारी ते एक लघुपट इंटरनेटवर टाकायचे. बनवणाऱ्यांची नावं नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मेलेल्या, रक्ताळलेल्या माणसाचं चित्र दाखवून सहानुभूती मिळवायची नाही. सीरियन माणसालाही आपली प्रतिमा सन्मानाने दिसावी याचा हक्क आहे. त्यांच्या 'ऑफ गॉड अँड डॉग्ज' ला २०१४ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात लघुपटाचं मोठं पारितोषिक मिळालं. त्यात एक तरुण लढवय्या आपण एका निरपराध माणसाला मारल्याचं कबूल करतो. म्हणजे आपल्याच बाजूच्या माणसाचं पाप. हे करायला हिंमत लागते.

आता आपल्याकडचं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतही 'युद्धाचे लघुपट' ढिगाने निघत होते. १९४० मध्ये इंग्रज सरकारने फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड काढलं. आधी जे. बी. एच. वाडिया, मग आपले व्ही. शांताराम त्याच्या प्रमुखपदी होते. १९४३ पासून तर थिएटरवाल्यांवर सक्ती आली की मुख्य सिनेमाबरोबर सरकारमान्य फिल्म दाखवायचीच. लोक त्या वेळात बाहेर विडी ओढायला जात, असं माझे आजोबा सांगायचे. तेही युद्धाचे लघुपटच. पण वरून हुकूम, खाली पैसा, आणि रणांगण हजारो मैलांवर. गाझातले किंवा साराजेव्होतले लघुपट याच्या बरोब्बर उलट्या टोकाला आहेत.

स्पष्टवक्ता_नाशिक

छान एकतर्फी धागा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये जे सुमारे १२०० लोक मारले आणि २५१ जण ओलीस नेले, त्यांच्यावर लघुपट नाही का काढायचे? की तो विषय महोत्सवांना चालत नाही?

रानजाई

@स्पष्टवक्ता_नाशिक, जरूर काढावेत, आणि काढले जातही आहेत. तुम्ही त्यावर धागा काढलात तर मी पहिली वाचेन, खोटं नाही सांगत. पण हे बघूनच बोला अशी विनंती. या संचात घोषणा जवळपास नाहीत. सैनिक दिसत नाही. कोण बरोबर, कोण चूक यावर कोणी भाषण करत नाही. आहे काय, तर बादली, गाढव, हेडफोन, पिशवी. हा मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटला.

संपादक

या उपविषयावरचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धागा लघुपटांवर आहे. व्यक्तिगत टीका नको.

जर्सीचा_जोशी

मी जानेवारी २०२५ मध्ये इथे थिएटरात बघितला. ३ तारखेला अमेरिकेत लागला होता. मायकल मूर निर्मात्यांमध्ये सामील झाल्यामुळे जरा गाजावाजा झाला. पॅलेस्टाइनतर्फे ऑस्करला पाठवला होता, डिसेंबरच्या १५ जणांच्या यादीत पोचला, शेवटच्या पाचांत नाही आला. त्याआधी २०२४ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अधिकृत प्रदर्शन झालं नाही, तेव्हा मशरावींनी बाहेर तंबू ठोकून तिथे दाखवला. छावणीत जन्मलेल्या माणसाने कानच्या लाल गालिच्यापासून थोड्या अंतरावर तंबू ठोकावा, हे त्यांना नक्कीच सुचलं असणार, योगायोग नसणार.

थिएटरात आम्ही अकरा जण. माझ्या शेजारी बायको, मागे एक अरब कुटुंब. 'अ स्कूल डे' मध्ये एक मुलगा दप्तर पाठीला लावून तंबूतून निघतो, चालत चालत एका कबरीपाशी येतो आणि वही काढून अभ्यासाला बसतो. कबर त्याच्या शिक्षकांची. संवाद जवळपास नाहीत. मागच्या रांगेतली आजी मोठ्याने काहीतरी बोलली. अरबी मला येत नाही, पण हाक मारल्यासारखं वाटलं.

आणि एक. फातिमा हस्सूना या गाझातल्या छायाचित्रकार मुलीवरचा माहितीपट, तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून सेपिदे फारसी यांनी केलेला, १५ एप्रिल २०२५ ला कानच्या एका विभागासाठी निवडल्याचं जाहीर झालं. १६ एप्रिलला ती घरावरच्या हल्ल्यात मारली गेली. पंचवीस वर्षांची होती. यावर मला काही म्हणायचं नाही, फक्त इथे नोंद असावी म्हणून लिहिलं.

बोलका_बाहुला

कोणीच 'अवेकनिंग' चं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. महदी करीरा यांचा बाहुल्यांचा लघुपट. आधीच्या युद्धात स्मरणशक्ती गेलेला बाप या युद्धात जागा होतो आणि घरच्यांना ओळखू लागतो. बाहुल्या कशाच्या, तर मदतीत आलेल्या डबाबंद अन्नाच्या रिकाम्या डब्यांच्या. पत्रा कापून चेहरा, दोरी ओवून हातपाय. त्यांच्या आधीच्या बाहुल्या युद्धात गेल्या.

मी स्वतः लहान मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करतो. आपल्या पिढीला बाहुली म्हटलं की पाध्यांचा अर्धवटराव आठवतो. टापटीप, कोट घातलेला. पत्र्याची बाहुली हलवणं वेगळंच प्रकरण. कापडी किंवा कागदाच्या लगद्याची बाहुली हलकी असते, सूत्रधाराच्या बोटांचं ऐकते. पत्र्याचं वजन वेगळं, हात वर नेला की क्षणभर उशिरा येतो, आणि वाजतो. त्या उशिरामुळे त्या बाहुल्या दमलेल्या वाटतात. मुद्दाम केलंय की आपोआप झालंय, कोण जाणे. तिसरी_घंटा, हा तुमच्या बेताच्या यादीत असेल तर काढा.

तिसरी_घंटा

होता. काढला.

बूमवाला

त्या बाहुल्यांचा वाजण्याचा आवाज आता परत जाऊन ऐकणार.

रानजाई

सगळ्यांचे आभार. 'सॉरी सिनेमा' बद्दल दोन ओळी, कारण माझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. अहमद हस्सूना हा दिग्दर्शक सिनेमाची माफी मागतो. मला तुझ्यासाठी वेळ नाही, मला आकाशातून पडणाऱ्या मदतीमागे धावायचंय, अशा अर्थाची. आणि शेकोटीसाठी लाकूड नाही म्हणून टेक घेताना वाजवायची ती क्लॅपची पाटी मोडून चुलीत घालतो. आणि हे सगळं शॉट लावून, नीट चित्रित करून. सिनेमा सोडल्याचा सिनेमा! म्हणजे पाटी जळाली तरी डोळा फ्रेम शोधतोच आहे. अशा माणसाच्या कामाला मी 'छान प्रयत्न' म्हणून पाठ थोपटली तर त्याचा अपमान होईल. तिसरी_घंटांचं म्हणणं मला इथे पटलं.

'टॅक्सी वनीसा' चं मात्र अजून ठरत नाही. जुनी_पाटी सांगतात ते साराजेव्होचे दोन मिनिटांचे तुकडे तरी रोज पूर्ण होत होते. इथे कथा तुटते तिथे जोड दिसावी असंच ठेवलंय. दुसऱ्या कोणी ते शेवटपर्यंत शूट करून दिलं असतं, गाढव, गाडीवान, रस्ता सगळं होतंच. तिने करू दिलं नाही, असं मला वाटतं. की करवलं नाही? या दोन्हींत फार अंतर आहे आणि मी बाहेर बसून ते मोजू शकत नाही.

काल आईला दाखवला. ती ७८ वर्षांची, उपशीर्षकं वाचायचा कंटाळा, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. दिग्दर्शिका बोलायला आली तेव्हा मी सांगितलं, तिचा भाऊ गेला, भाचे गेले, म्हणून तिने थांबवलं. आईने मान हलवली. पुढचे तीनचार लघुपट गेले, आम्ही चहा घेतला, तिने भाजी निवडायला घेतली. आणि मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्या गाढवाची गाडी कोणी सोडली का गं? घरी आलं ते जुंपलेलंच होतं."

पानसुपारी

लिंक मिळाली नाही अजून. पण आता बघायचाय.